समुद्रावरची जुनी फायबर बोट धरणात सोडायचीय? आधी तळाचा रंग काढा, पण जेलकोट वाचवून

शिर्डीत 'बोट' म्हटलं की लोकांना हाताचं बोट आठवतं. समुद्र इथून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर लांब, त्यामुळे यात त्यांची काही चूक नाही. तरीही गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेतातल्या शेडमध्ये एक अठरा फुटी फायबरची बोट टायरांवर उलटी ठेवलेली होती. माझ्या मित्राने ती कोकणातून सेकंड हँड घेतली होती आणि त्याला ती धरणाच्या पाण्यात चालवायची होती. बोटीचा तळ लालभडक, जाड, जागोजागी पोपडे सुटलेला. तो म्हणाला, "वरून एक हात मारू ना नवीन रंगाचा, काय फरक पडतो?"

फरक पडतो, आणि बराच पडतो. मी सॉफ्टवेअरवाला, शिकलो इंजिनिअरिंग, बोटीचं काम पिढीजात नाही. म्हणून आधी दोन आठवडे वाचलं, कोकणातल्या दोन फायबर कारागिरांशी व्हिडिओ कॉलवर बोललो आणि मगच खरवडणी हातात घेतली. त्यातून जे समजलं ते इथे एकत्र लिहितोय, कारण या विषयावर मराठीत फारसं काही सापडत नाही. आणि रील्समध्ये जे दिसतं, म्हणजे उघड्या तोंडाने ग्राइंडर लावून धुरळा उडवणं, ते बघून कुणी काम करू नये असं मला मनापासून वाटतं.

तळाचा रंग म्हणजे साधा रंग नाही

बोट समुद्रात उभी राहिली की काही दिवसांतच तळावर शेवाळाचा बुळबुळीत थर येतो. त्यावर बार्नेकल आणि कालवं घट्ट चिकटतात. तळ खडबडीत झाला की पाणी जास्त अडतं, वेग पडतो आणि डिझेल जास्त जळतं. हे टाळण्यासाठी तळाला जो रंग देतात त्याला अँटिफाउलिंग म्हणतात. त्याचं काम सुंदर दिसणं नाही. चिकटायला येणाऱ्या जिवांना मारणं किंवा हाकलणं हे त्याचं काम. बहुतेक रंगांत यासाठी क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग असतं, आणि ते हळूहळू पाण्यात झिरपत राहतं.

तांब्याची युक्ती जुनीच आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा मारून बघितला आणि पुढे ती पद्धतच पडली. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला बघायला मिळतं. त्या जमान्यात पत्रा जे करायचा ते आता रंग करतो. आपल्याकडच्या लाकडी होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, तेही कीड लागू नये म्हणूनच.

मध्ये एक फार वाईट प्रकार येऊन गेला. १९६० च्या दशकापासून रंगात ट्रायब्युटिल टिन, थोडक्यात टीबीटी, हे कथिलाचं संयुग घालायला लागले. ते तांब्यापेक्षा कितीतरी जहाल. फ्रान्समध्ये आर्काशाँच्या खाडीत कालवांची शिंपली वेडीवाकडी जाड होऊ लागली, धंदा बसला, आणि १९८२ मध्ये तिथे लहान बोटींवर टीबीटीला बंदी आली. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये नोंदवलं की मुरगाव बंदराजवळच्या एका जातीच्या माद्या गोगलगायींना नराचे अवयव फुटताहेत. गोगलगायीचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस, म्हणजे नावातच कोकण! हा टीबीटीचा ठरलेला परिणाम आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा यावरचा करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. १ जानेवारी २०२३ पासून सायब्युट्रिन नावाचं आणखी एक रसायन त्या बंदीत आलं.

हे सगळं सांगायचं कारण साधं आहे. वीस वर्षं जुन्या बोटीच्या तळावर सगळ्यात खालच्या थरात नेमकं काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही, मालक चारदा बदललेला असतो, डबे कधीच फेकलेले असतात. म्हणून जुना रंग विषारीच आहे असं धरून चालायचं.

धरणासाठी तर तो नकोच

गोड्या पाण्यातल्या आपल्या धरणांत बार्नेकल नसतात. म्हणजे ज्या शत्रूसाठी हा रंग आहे तो इथे नाहीच, पण रंगातलं तांबं मात्र पाण्यात जातच राहतं. आणि ते पाणी कुठे जातं ते नकाशावर बघा. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून खाली येतं, प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते, पुढे जायकवाडीचा नाथसागर, आणि तिथून छत्रपती संभाजीनगरला पिण्याचं पाणी. एका अठरा फुटी बोटीने शहर आजारी पडणार नाही, उगाच घाबरवत नाही. पण ज्याचा उपयोग शून्य आहे असं जंतुनाशक पिण्याच्या साठ्यात का सोडायचं? माशांची पिल्लं आणि पाण्यातले बारीक जीव यांना तांबं अगदी थोड्या प्रमाणातही त्रास देतं.

बोट समुद्रातच राहणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक वेळी सगळा रंग काढायची गरज नसते. कटरने तळावर फुलीसारख्या दोन चिरा मारा, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंग जागेवर राहिला तर नुसतं वॉटर पेपरने घासून, धुऊन, जुळणारा नवा रंग चढवता येतो. पट्टीबरोबर पापुद्रे आले तर खाली जाणं भाग आहे.

किती थर, किती वजन

बोटीच्या तळाचं क्षेत्रफळ ढोबळ काढायला लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.८५ असं धरतात. आमची बोट साडेपाच मीटर लांब, दोन मीटर रुंद, म्हणजे साधारण ९ चौरस मीटर. रंगाचा एक सुकलेला थर ५० ते १०० मायक्रॉन. दरवर्षी दोन हात, दहा वर्षं, आणि काही झिजून गेला असं धरलं तरी एक मिलिमीटर सहज साठतो. ९ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे ९ लिटर, आणि तांब्याचा रंग जड असल्याने वजन १५ ते २० किलो. हा जो ढीग होणार आहे, तो फुफ्फुसात, मातीत किंवा पाण्यात जाऊ न देणं हे अर्धं काम.

उरलेलं अर्धं काम म्हणजे जेलकोट वाचवणं. फायबर बोटीचा बाहेरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट, त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तुमच्या खिशातलं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर असतं, म्हणजे जेलकोट त्याहूनही पातळ! त्याच्या आत काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन. पाणी आत शिरू नये म्हणून जी मुख्य भिंत आहे ती हा जेलकोटच. रंग एक मिलिमीटर, भिंत अर्धा मिलिमीटर, आणि दोघांमध्ये रेघ ओढलेली नाही. त्यामुळे जोर लावणाऱ्यापेक्षा वेळेवर थांबणारा माणूस या कामाला बरा.

कुठे थांबायचं ते रंगांवरून कळतं. वरून खाली जाताना आधी लाल, निळा किंवा काळा अँटिफाउलिंग, मग कधीकधी राखाडी किंवा पांढरा इपॉक्सी प्रायमर, मग जेलकोट. जेलकोट दिसला की थांबा. हिरवट-पिवळसर, अर्धपारदर्शक काहीतरी दिसायला लागलं, त्यात धागे दिसले, तर तुम्ही भिंत फोडून घरात शिरलात. राखाडी प्रायमर घट्ट बसलेला असेल तर तो खरवडायचाही हट्ट धरू नका, त्याला तिथेच राहू द्या. आमच्या बोटीला निम्म्या तळावर असा प्रायमर निघाला आणि तो आम्ही ठेवला.

आधी रंगाची जात ओळखा

ओल्या फडक्याने तळ जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर तो झिजणारा रंग आहे, पाण्यात साबणाच्या वडीसारखा थोडाथोडा विरघळतो. नाही लागला तर कडक जातीचा. झिजणारा रंग खरवडणी आणि वॉटर पेपरने निघतो. कडक रंगाच्या अनेक थरांना मात्र रसायन लावणं सोपं जातं.

खरवडणी म्हणजे पुट्टीची साधी पट्टी नाही. लांब दांड्याची, टंगस्टन कार्बाइडचं पातं असलेली मिळते ती घ्या. पात्याचे दोन्ही कोपरे कानसने गोल करून घ्या, कारण जेलकोटला खोल चरे पात्याच्या धारेने कमी आणि कोपऱ्याने जास्त पडतात. पुढे ढकलायची नाही, आपल्याकडे ओढायची, एका सरळ रेषेत आणि हलक्या हाताने. पातं बोथट झालं की माणूस नकळत जोर वाढवतो आणि तिथेच घोळ होतो, तेव्हा पातं फिरवा किंवा बदला. आधी पाण्याचा हलका फवारा मारून पृष्ठभाग ओला ठेवला तर धूळ उडत नाही, रंगाचा लगदा होतो आणि खाली अंथरलेल्या जाड प्लॅस्टिकवर पडतो.

रसायनाच्या बाबतीत डब्यावरचं लेबल वाचा, खरंच वाचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असू शकतं. ते दहा मिनिटांत रंग फुगवतं, आणि त्याच जोमाने जेलकोटही मऊ करतं. शिवाय त्याची वाफ श्वासात गेली की शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद शेडमध्ये हे वापरून माणसं मेली आहेत. अमेरिकेने घरगुती रंग काढण्यासाठी त्याची विक्री २०१९ मध्ये थांबवली आणि २०२४ मध्ये बहुतेक सगळे वापर बंद केले. त्याऐवजी फायबरग्लाससाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं, बेंझाइल अल्कोहोलवर आधारलेलं किंवा तत्सम संथ रिमूव्हर घ्या. ते काही तास घेतं, कधी रात्रभर. इथे शिर्डीचं ऊन आडवं येतं: एप्रिल-मे मध्ये चाळीस अंशांत रसायन काम करण्याआधीच सुकतं. म्हणून संध्याकाळी जाडसर थर लावा, वरून पातळ प्लॅस्टिक चिकटवून झाका आणि पहाटे काढा. आधी एक वीतभर तुकड्यावर करून बघा. जेलकोट चिकट लागला तर ते रसायन तुमच्या बोटीसाठी नाही.

दोन गोष्टी तर करायच्याच नाहीत. पहिली म्हणजे हीट गन किंवा ब्लो लॅम्प. लोखंडी दरवाजाला चालतं म्हणून इथे चालत नाही, कारण पॉलिएस्टर रेझिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं, थर आतून सुटतात, आणि तापलेल्या अँटिफाउलिंगचा धूर विषारी असतो. दुसरी म्हणजे वाळूचा मारा. वाळूने जेलकोटला हजारो भोकं पडतात, आणि ती बारीक सिलिकाची धूळ फुफ्फुसातून परत निघत नाही. खाण्याच्या सोड्याच्या भुकटीचा मारा सौम्य असतो, तो चालतो. पण त्याला चांगला कॉम्प्रेसर आणि सराव असलेला माणूस लागतो, आणि नंतर सोड्याचा कण न् कण धुऊन काढावा लागतो, नाहीतर पुढचा रंग धरत नाही. एका लहान बोटीसाठी एवढा खटाटोप मला पटला नाही.

शेवटची साफसफाई ८० नंबरच्या वॉटर पेपरने, रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, हाताने. विजेवर चालणारी पॉलिश मशीन वापरायची असेल तर ती पाणी न लावता आणि व्हॅक्यूमला जोडूनच. विजेचं मशीन आणि ओला तळ ही जोडी जीव घेऊ शकते.

मास्कचं एकदाच सांगतो. एन-९५ थोडी धूळ अडवतो, रसायनाची वाफ अजिबात नाही. रबरी हाफ मास्क, त्याला धूळ आणि वाफ दोन्हींची काडतुसं, बंद गॉगल, नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. लहान मुलं आणि गाईगुरं त्या शेडकडे फिरकणार नाहीत याची सोय आधी करा. आमच्याकडे गाय रिकाम्या पोत्यालाही तोंड लावते.

फोन कुठे कामाला येतो

सगळ्यात उपयोगी पडला तो टॉर्च. अंधारात फोन तळाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला की समोरून न दिसणारा प्रत्येक चरा, खळगा आणि फोड सावलीमुळे उठून दिसतो. तसाच आडव्या प्रकाशात रोज फोटो काढा, तळावर खडूने चौकोन आखून त्यांना नंबर द्या. चौथ्या दिवशी कुठला चौकोन किती खोल गेला हे आठवणीवर सोडायला नको. आम्ही कारागिराला हेच फोटो पाठवत होतो आणि तो "सात नंबरात थांब" असं सांगायचा.

फोड दिसले तर लक्ष द्या. जेलकोटमधून पाण्याचे रेणू वर्षानुवर्षं आत झिरपतात, आतली काही रसायनं त्यात विरघळतात, आणि मग मनुका पाण्यात टाकल्यावर फुगते तसं आणखी पाणी आत ओढलं जातं. याला ऑस्मोसिस म्हणतात. फोड फोडला की आतून आंबूस वासाचं चिकट पाणी निघतं, आणि ते दाबाने उडतं, म्हणून गॉगल घालूनच फोडा. गंमत म्हणजे हे दुखणं खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात लवकर वाढतं, कारण आतलं-बाहेरचं अंतर तिथे जास्त असतं. म्हणजे समुद्रावर दहा वर्षं ठणठणीत असलेली बोट धरणात आल्यावर फोड दाखवू शकते. ही व्याधी मुख्यतः पॉलिएस्टर रेझिनची, इपॉक्सी पाण्याला बराच जास्त अडवतं. गोव्यात दिवाड बेटावर बांधलेली नौदलाची 'म्हादेई', जिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती लाकडाच्या पट्ट्यांवर फायबरग्लास आणि इपॉक्सी चढवून बनवलेली आहे.

तळ किती ओला आहे हे सांगणारी अ‍ॅप्स स्टोअरवर दिसतील. डाउनलोड करू नका. फायबरमधली ओल मोजणारा सेन्सर फोनमध्ये नसतोच, ते आकडे हवेतले असतात. त्यासाठी वेगळा मॉइश्चर मीटर मिळतो. तो नसेल तर फूटभर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा तळावर चारही बाजूंनी हवाबंद चिकटवा आणि सावलीत एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव दिसलं तर तळ अजून ओला आहे. इथे मात्र शिर्डीने हात दिला. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेआधी बोटी तयार करायच्या असतात, आणि नेमकी तेव्हाच हवा पाण्याने जड झालेली. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडा तळ पाच आठवड्यांत छान वाळला.

हवामानाचं अ‍ॅप मात्र वापरा. इपॉक्सी लावताना तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं, नाहीतर न दिसणारं दव थराखाली अडकतं. दवबिंदू काढायची सोपी रीत आहे: शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचने भागा आणि ते तापमानातून वजा करा. हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के असेल तर ३० वजा ४, म्हणजे २६. तळ किमान २९ अंशांवर हवा. ही रीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असतानाच बरोबर चालते. दुपारच्या कोरड्या हवेत हा प्रश्न येत नाही, पण तेव्हा डब्यात मिसळलेलं इपॉक्सी बघता बघता दगड होतं. सकाळी आठ ते दहा ही वेळ बरी.

मग वरून काय लावायचं

बोट वर्षभर पाण्यातच बांधून ठेवणार असाल तर दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचे तीन-चार हात, एकूण २५० मायक्रॉनच्या आसपास. त्यावर अँटिफाउलिंग नको. रोज संध्याकाळी ट्रॉलीवर बाहेर काढणार असाल तर तेवढीही गरज नाही. चरे जेलकोटनेच भरा, पॉलिश करा, मेण लावा आणि शेवाळ आलं की मऊ ब्रशने धुवा. मित्राची बोट दुसऱ्या प्रकारातली, त्यामुळे त्याचा प्रायमरचा बराच खर्च वाचला. धरणात उतरवण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी आणि अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ खालची नोंदणी या गोष्टी वेगळ्या, त्यांची चौकशी बोट विकत घेण्याआधीच करा.

राहिला तो ढीग. रंगाचा लगदा उन्हात प्लॅस्टिकवर पूर्ण वाळू द्या, मग झाकणाच्या ड्रममध्ये भरा, त्यातच वापरलेले वॉटर पेपर, हातमोजे आणि खालचं प्लॅस्टिकही. ड्रमवर मोठ्या अक्षरात मराठीत 'विषारी रंग' लिहा. धुतलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही, जुन्या कापडातून गाळून टबमध्ये बसू द्यायचं आणि खालचा गाळ त्याच ड्रममध्ये टाकायचा. हे जाळायचं नाही, उकिरड्यावर टाकायचं नाही, उसाच्या बांधावर तर नाहीच. असा कचरा घातक कचऱ्यात मोडतो, त्याचे २०१६ चे नियम आहेत, आणि तळोजा, रांजणगाव इथे तो घेणारी अधिकृत केंद्रं आहेत. एकट्या माणसाचा एक ड्रम तिथवर नेणं जिकिरीचं असतं. आम्ही गाड्यांच्या रंगकामाचा कचरा रीतसर पाठवणाऱ्या एका वर्कशॉपशी बोललो आणि त्यांच्या खेपेत आमचा ड्रम गेला. ड्रमचं वजन भरलं १७ किलो.